सहावं वेटोळं

चेतनचं लग्न झालं, वऱ्हाडाचा टेम्पो मिरजगावच्या पुढे पंक्चर झाला आणि नवरदेव चिंचेखाली बसून फेट्याच्या शेमल्याने वारा घेत राहिला, ते वर्ष १९९६. चेतन माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. भावाचं नाव आप्पासाहेब, पण मी त्याला दादाच म्हणते. त्याच लग्नात, पंगत उठता उठता, अकोले तालुक्यातून आलेल्या बनुबाईंनी दादाच्या धाकट्या लेकीला, प्रज्ञाला, हेरलं. त्यांचा मधला मुलगा सचिन तिकडे डोंगरात एका आश्रमशाळेवर मास्तर होता. बनुबाईंनी प्रज्ञाने वाढलेली जिलबी खाल्ली आणि बोट चाटत सोयरिकीचं बोलणं काढलं. जिलबी आचाऱ्याची होती, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

प्रज्ञा तेव्हा पुण्यात पीएच. डी. करत होती. पोरगी डॉक्टर होणार म्हणून दादाने आधी गावभर सांगून ठेवलं होतं. मग कळलं, की ही सुई टोचणारी डॉक्टर नव्हे. तेव्हापासून त्याचा हुरूप गेला तो गेलाच.

“मला आत्ता लग्न नाही करायचं, आप्पा,” प्रज्ञा म्हणाली.

“मग कवा? केस पिकल्यावर?”

“काम पुरं झाल्यावर.”

“दोन वर्सं तेच ऐकतुया. हीर खांदतीस का काय?”

“हिरीला पानी लागलं का न्हाई, ते निदान कळतं तरी,” मी म्हणाले. दोघांनीही माझ्याकडे सारख्याच रागाने बघितलं. बापलेकीचे डोळे एकाच साच्यातले आहेत.

सोयरिकी जुळवणं हा माझा धंदा नाही, खोड आहे. जामखेड, कर्जत, पाथर्डी, पलीकडे आष्टीपर्यंत आमच्या लोकांतली कितीतरी लग्नं माझ्या तोंडाने जमली. आमच्यात पत्रिका बघत नाहीत. छप्पन साली आमच्या बापाने देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, तेव्हा राहू-केतूही त्यांच्याबरोबर वाहून गेले. मग स्थळ पारखायचं कशावरून? नातेवाइकांवरून. मुलगा समोर नसला तरी अडत नाही. त्याची आई बघायची, मामा बघायचा, भाऊ बघायचे. नाक आईकडून येतं, टक्कल मामाकडून, आणि दात सगळ्या भावांचे एका वळणाचे असतात. एका मुलीला मी लग्नाआधीच बजावलं होतं, की हा तिशीत टकला होणार. तो अठ्ठाविसाव्या वर्षीच झाला. ती अजून मला बघितलं की हात जोडते. कशासाठी, ते मी विचारत नाही.

सचिनचा फोटो एकच मिळाला, तो त्याच्या भावाच्या लग्नातला. त्यात त्याने पेट्रोमॅक्सची बत्ती धरली होती आणि तोंडाच्या जागी नुसता उजेड पडला होता. दादा तो फोटो उलटासुलटा करून म्हणाला, “तेज हाय पोराच्या तोंडावर.”

प्रज्ञा उन्हाळ्यात गावी आली ती फ्लॉप्यांचा डबा घेऊन. जामखेडला एसटी स्टँडच्या मागे चेतनने कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. दुपारी पोरं जेवायला पांगली, की एक मशीन ही धरून बसायची. एके दिवशी मी तिला समजवायला तिथे गेले. दारात पाटी होती, चपला बाहेर काढाव्यात. देवळापुढे कधी काढल्या नव्हत्या, त्या मशीनपुढे काढल्या.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांची लांबच लांब रांग होती. मी अक्षरं शिकले ती साक्षरतेच्या वर्गात, केस पांढरे झाल्यावर. इंग्रजी तर ओळखीपुरतीच. तरी एवढं कळलं, की या रांगेत कुठे जागा सोडलेली नाही आणि कुठे टिंब नाही. आमच्या बाईंनी असली पाटी बघितली असती, तर पुसून पुन्हा लिहायला लावली असती.

“ह्ये काय लिहिलंय, वाच की.”

“हे वाचायचं नसतं, आत्या. एक अक्षर म्हणजे एक मणी. ही मण्यांची माळ आहे. माळ आपली आपण गुंडाळते आणि तिचा एक ठराविक आकार होतो. मणी कुठल्या क्रमाने आहेत ते माहीत आहे. आकार माहीत नाही. तो मला सांगायचाय.”

“सांगायचा कशाला? बघायचा.”

“इतकं बारीक दिसत नाही. त्याचा आधी खडीसाखरेसारखा खडा जमवावा लागतो, मग त्यावर क्ष-किरण सोडायचे. परदेशात एक जण तेच करतोय. त्याचं उत्तर यायच्या आत मी माझा आकार आमच्या सरांकडे पाकिटात बंद करून द्यायचा. मग दोन्ही एकावर एक ठेवून बघणार.”

“आन् ही माळ हाय कशाची?”

“अँटिबॉडीची. अंगात परकं काही शिरलं की रक्त ती तयार करतं. ती जाऊन त्याला धरते. ही फुरशाच्या विषाला धरते.”

आता मात्र मी खुर्ची पुढे ओढली. आमच्या भागात दगड उचलला की फुरसं निघतं. माझ्या मालकांना चावलं होतं. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, आणि ते घोड्याच्या रक्तापासून करतात असं तिथला कंपाउंडर बोलून गेला. मालक वाचले. पण आठवडाभर अंगावर गांधी उठल्या, आणि गाव त्यांना घोडा म्हणायला लागलं ते कायमचं. पुढे काही वर्षांनी ते काविळीने गेले, तेव्हा खांदेकऱ्यांतला एक जण म्हणालाच, की घोडा जड आहे रे.

“म्हंजी ह्ये त्या घोड्याचंच?”

“नाही. ही उंदराची आहे.”

“घोडा परवडला,” मी म्हणाले.

ती हसली. हसली की तिला बोलतं करता येतं. तिने एक बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर रंगीत तारांचा गुंता उभा राहिला. अख्खी अँटिबॉडी बेचकीसारखी असते, म्हणाली. बेचकीच्या दोन्ही टोकांना सहा-सहा वेटोळी असतात, आणि विषाला धरतात ती हीच वेटोळी.

“बाकीचा सांगाडा सगळ्यांचा बहुतेक सारखाच असतो,” ती सांगू लागली. “ज्यांचे आकार आधीच कळलेत, त्यांच्यात हिच्या जवळच्या नात्यातल्या कोण, ते शोधायचं. अक्षरं जुळली, की सांगाडा त्यांचाच घ्यायचा. सहातली पाच वेटोळीसुद्धा ठरलेल्या चार-दोन वळणांचीच असतात. वेटोळं किती लांब आहे आणि कुठल्या जागी कुठलं अक्षर आहे, त्यावरून वळण कळतं.”

“म्हंजी नाक आईचं, कान मामाचं.”

“तसंच.”

“अगं, मग तू बी सोयरीकच जुळवतीस की! तुला त्याची पदवी मिळनार आन् मला नुसता चहा.”

“सहावं वेटोळं मात्र कुणावर जात नाही, आत्या. त्याला धड नातेवाईक नसतात. प्रत्येकीचं वेगळं. आणि विषाला धरायचं काम सगळ्यात जास्त त्याचंच. म्हणून तेच बरोबर यायला पाहिजे.”

मला माझे मालक आठवले. माझं स्थळ माझ्या मावशीने आणलं होतं, नातेवाईक बघूनच. नाक, उंची, चालणं, सगळं तिने सांगितल्यासारखं निघालं. फक्त ते झोपेत गाणी म्हणायचे. त्यांच्या घराण्यात जागेपणीही कुणी गायलेलं नव्हतं. पण हे मी प्रज्ञाला सांगितलं नाही. माझीच बाजू लंगडी झाली असती.

तेवढ्यात दादा मला न्यायला आला. चपला घालूनच आत आला आणि म्हणाला, “काय ठरलं? अकोल्याच्या मान्सांना काय कळवू?”

प्रज्ञा माझ्याकडे वळून म्हणाली, “आत्या, पैज लाव. तू सचिनला न बघता सांग तो कसा आहे. मी ह्या माळेचा आकार न बघता सांगते. माझं सहावं वेटोळं बरोबर आलं, तर माझं काम पुरं होईपर्यंत घरात कुणी लग्नाचं नाव काढायचं नाही.”

“आन् चुकलं तर?” दादाने विचारलं.

“माझं चुकलं आणि आत्याचं बरोबर आलं, तर तुम्ही म्हणाल तिथे उभी राहीन.”

“दोघी चुकल्या तर?”

“दादा, मी चुकलीय का कवा?” मी म्हणाले.

पोरगी असली पैज का लावते, ते मला रस्त्यात कळलं. दादा बोलणं ऐकत नाही, पण पैज पाळतो. सरपंचाच्या निवडणुकीत त्याचा माणूस पडला, तेव्हा कुणीही मागे लागलेलं नसताना हा स्वतः न्हाव्याकडे गेला आणि मिशी उतरवून आला. दोन महिने त्याला कुत्रीसुद्धा ओळखत नव्हती. त्याच्याकडून हवं ते मिळवायला तिच्याकडे हीच एक वाट उरली होती. आणि ती चुकली असती, तर पुणं संपलं असतं.

मी अकोल्याला गेले. एसटी, मग दुसरी एसटी, मग जीप. सचिन शिक्षकांच्या शिबिराला गेलेला. बरंच झालं, मला त्याला बघायचं नव्हतंच. आई बघितली: नाक सरळ, शेंड्याला किंचित खाली उतरलेलं. मामा बघितला: ताडमाड. दोन भाऊ बघितले: कान उभे, पुढच्या दातांत फट, आणि चालताना डावा खांदा खाली. बाप बघितला, तो मी आले तेव्हा ‘या’ म्हणाला आणि निघाले तेव्हा ‘या’ म्हणाला. मधल्या दीड दिवसात एवढंच. भाऊही तसेच. बनुबाई बोलायच्या आणि बाकीचे भात कालवायचे.

घरी येऊन मी दादापुढे सगळं मांडलं. उंच, नाक आईचं, दातांत फट, आणि जात्याच मुका. आई म्हणेल ती पूर्व दिशा. “आपल्या प्रज्ञाला असलाच पायजे,” मी म्हणाले. “हिनं बोलायचं, त्यानं ऐकायचं.”

इकडे प्रज्ञाची पाच वेटोळी बसली होती. सहाव्यासाठी मशीनने तीन आकार काढून दिले होते, मधूनमधून लाइट जात असताना. त्या तिन्हींपुढे ती चार दिवस बसून होती. जेवणाचा डबा तसाच परत यायचा. मग काय, ज्याला त्याला सल्ला सुचला. क्लासमधल्या पोरांनी हिरव्या रंगाचा आकार निवडला. दादाने सगळ्यात मोठा निवडला, कारण मोठा तो दणकट. मी फुरशासारखं गोल गुंडाळलेलं वेटोळं निवडलं. फुरशाला फुरशासारखंच धरणार, हे लहान पोराला कळलं असतं.

तिने चौथाच आकार जुळवला. बुडाशी एका बाजूला मुरडलेला, दिसायला लंगडा.

“ह्ये असलं ध्यान कशापायी?”

“बुडाशी इकडे एक अक्षर आहे आणि तिकडे दुसरं. ती दोघं एकमेकांना ओढणार, म्हणून बुड मुरडणार. बाकीच्या अँटिबॉड्यांतही असं झालेलं दिसतं.”

“आन् शेंडा?”

तिने शेंडा पडद्यावर फिरवून बघितला. “शेंडा अंदाजाने,” म्हणाली.

मग फ्लॉपी घेऊन ती पुण्याला गेली.

दिवाळीच्या सुट्टीत प्रज्ञा घरी आलेली असताना बनुबाई जीप करून आल्या. सोबत त्यांचे मालक, आणि सचिन. मी दारातच उभी होते. आधी नाक उतरलं, मग बाकीचा माणूस. उंची मामाची. कान उभे. हसला तेव्हा दातांत फट. ओसरीवर चढताना डावा खांदा खाली. मी दादाला कोपराने एवढं ढोसलं, की त्याच्या हातातला तांब्या हिंदकळला.

बोलणं सुरू झालं, म्हणजे बनुबाईंचं सुरू झालं. दादाने सचिनला विचारलं, शाळा कितवीपर्यंत? बनुबाई म्हणाल्या, सातवी. पोरं किती? बनुबाईंनी आकडा सांगितला. पाऊसपाणी कसं? बनुबाईंनी धरणाची पातळी सांगितली. सचिन मान खाली घालून बसला होता. मुका, अगदी मी सांगितला तसा. दादाच्या डोळ्यांत मला सोळा आण्यांचा मान दिसला.

प्रज्ञा पोहे घेऊन आली. तिचा चेहरा उतरलेला होता आणि पोह्यांत मीठ नव्हतं. मला वाटलं, हरल्याचं कळलं पोरीला.

सचिनने ताटली खाली ठेवली. “मला जरा बोलायचं हाय,” तो म्हणाला.

बनुबाईंपेक्षा मी जास्त दचकले.

“माझं लग्न झालंय. मार्चमधी, नगरला, रजिष्टर. आमच्याच शाळंवर मास्तरीन हाय ती. घरी सांगायचं म्हनलं तर आई थांबतच न्हाई, मधी शिरायला जागाच गावत न्हाई. म्हनलं, परक्याच्या घरात आई गप बसंल आन् मारायची बी न्हाई. तुमच्या पोरीचा यात काय दोष न्हाई. ताई, तुमी राग धरू नका.”

बनुबाईंची चप्पल दाराबाहेर होती, म्हणून पोह्यांची ताटली गेली. ती सचिनच्या उभ्या कानाजवळून गेली आणि भिंतीवर आपटली. “भाड्या! माझ्या पोटचा हायस का कुनाचा?” त्या ओरडल्या.

“तुझाच हाय, म्हनून तर इतकं दिवस गप हुतो!” आणि मग तो थांबेचना. बारशापासूनचं साठलेलं बाहेर पडत होतं. आपल्याला मास्तर नव्हे, पोस्टमन व्हायचं होतं. भात आवडत नाही. बत्ती धरायला आपल्यालाच का उभं केलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. एवढं बोलणं कुठल्या नातेवाइकाकडून आलं? मग माझं लक्ष बनुबाईंकडे गेलं, आणि नाक बघून झाल्यावर त्यांच्याकडे बघायचं मी सोडून दिलं होतं, हे ध्यानात आलं.

अशा गोंधळात सचिनचा बाप उठला. पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बरं केलंस.”

जीप गेल्यावर दादा भिंतीवरचे पोहे बघत बसला. “छबे, मुका म्हनलीस.”

“नाक बघितलंस का?”

“नाक घिऊन काय चाटायचंय?” आणि मग तो हसायलाच लागला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “प्रज्ञे, सुटलीस गं! आत्या हारली तुजी!”

प्रज्ञा भिंत पुसत होती. फडकं तसंच हातात धरून ती म्हणाली, “आप्पा, माझंही चुकलंय.”

“काय?”

“काल सरांचा चेतनदादाच्या क्लासवर फोन आला होता. खरा आकार आला. सांगाडा बरोबर, पाच वेटोळी बरोबर. सहाव्याचं बुड बरोबर आहे, मी म्हटलं तसंच मुरडलेलं. शेंडा चुकला. भलतीकडेच वळलाय.”

“थोडा?”

“सरांनी घालून दिलेल्या मापात बसत नाही. म्हणजे चुकलंच.”

मी मनात म्हणाले, बये, मुलगा पळाला, आत्या हरली, आता तू तोंड मिटून घेतलं असतंस तर आभाळ कोसळलं असतं का? दादाच्याही मनात तेच होतं.

“न्हाई बोलली असतीस,” तो म्हणाला, “तर ह्या घरात कुनाला कळनार हुतं? मला काय शेंडा कळतो का बुड कळतं?”

“तुम्ही मिशी काढलीत, तेव्हा कोण मागे लागलं होतं?”

दादाचा हात आपोआप मिशीकडे गेला. मला माहीत होतं, की नेवाशाकडचं आणखी एक स्थळ त्याच्या मनात घोळत होतं. त्याला फक्त म्हणायचं होतं, की हरलीस. पोरगी उभी राहिली असती. शब्दाच्या बाबतीत तीही त्याच्यावरच गेलेली, आणि ते ओळखायला कुठलं मशीन लागत नव्हतं.

“दोघी चुकल्या,” दादा शेवटी म्हणाला. “ह्याचं काय ठरलंच नव्हतं, कारन ही छबी म्हनली चुकतच न्हाई. आता मी ठरवतो. तुज्या चुकलेल्याला बुड तरी हाय. हिच्या चुकलेल्याला नुसतं नाकच. तू जा पुन्याला. शेंडा कुटं गेला ते हुडकून काढ. तवर या घरात लग्नाचं नाव निघायचं न्हाई.”

प्रज्ञाने फडकं तोंडाला लावलं. त्याला पोहे चिकटलेले होते, ते तिच्या गालाला लागले.

“आन् छबीला,” दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, “कुनी सोयरिकीला नेऊ नका.”

ती दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेली. दादा तिला स्टँडवर सोडायला गेला आणि गाडी सुटली तरी उतरलाच नाही. नगरपर्यंत तिच्या शेजारी बसून गेला आणि तिथून परत आला. वाटेत काय बोललात, म्हणून मी विचारलं. म्हणाला, “काय न्हाई. ‘या’ म्हनलो.”

तिने प्रबंधात सगळं लिहिलं, चुकलेला शेंडासुद्धा, त्याचा फोटो आणि खऱ्या आकाराचा फोटो शेजारी शेजारी लावून. १९९९ च्या उन्हाळ्यात ती डॉक्टर झाली. दादाने पुन्हा गावभर सांगितलं. कुणी विचारलं, सुई टोचते का, तर म्हणायचा, “न्हाई. सुईत जे असतं, त्याचं नाक-डोळं सांगती.” मी पुढे त्याची आज्ञा मोडून तीन लग्नं जमवली. आता मात्र मुलगा बोलल्याशिवाय मी चहाला हात लावत नाही.

प्रज्ञाने लग्न उशिरा केलं, स्वतः बघून केलं. ते बघायला दादा नव्हता. माझा थोरला भाऊ आप्पासाहेब २१ नोव्हेंबर १९९९ रोजी, रविवारी सकाळी, जामखेडला चेतनच्या घरी हृदय बंद पडून वारला.